चाल बघण्याआधीची चाल

२८ जुलै २०२५ची संध्याकाळ. रत्नागिरीत पाऊस असा लागला होता की पडवीतून समोरच्या घराची कौलं दिसत नव्हती. दिवे दोनदा जाऊन आले होते. तिकडे जॉर्जियातल्या बातुमीत नागपूरच्या दिव्या देशमुखने कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये हरवून महिला विश्वचषक जिंकला, आणि इकडे माझी भाची पडवीभर नाचली. ती पंधरा वर्षांची आहे, जिल्ह्यातल्या स्पर्धांत खेळते, आणि दिव्या ग्रँडमास्टर झाली म्हणजे आपल्याच घरात कोणीतरी झालं असा तिचा हिशोब होता.

त्याच रात्री ती फोनवर एका किताबधारक बाईंचे डाव बघत बसली. त्या घरी बसून एकेका मिनिटाचे डाव खेळतात आणि ते थेट दाखवतात. पडद्यावर मोठा पट, कोपऱ्यात त्यांचा चेहरा, बाजूने धावणारे लोकांचे शेरे. मीही तिच्या शेजारी अर्धा तास बसलो. मग नेटवर्क गेलं, आणि भाचीने विचारलं, "मामा, शेवटच्या डावात तिने घोडा का दिला असेल रे?"

मी चाळीस वर्षं बुद्धिबळ खेळतोय. उस्ताद नाही, पण घोडा का दिला हे सांगता यावं इतपत कळतं. मला सांगता आलं नाही. तिने घोडा दिला होता हेच माझ्या लक्षात नव्हतं. तिचा शर्ट हिरवा होता, मागच्या भिंतीवर दिव्यांची माळ होती, अडचणीत आली की ती खालचा ओठ चावते, हे सगळं मी बिनचूक सांगितलं असतं. भाची "असू दे" म्हणाली आणि झोपायला गेली. मी बराच वेळ पाऊस ऐकत बसलो.

माझ्या मनात काही वाईट आलं नव्हतं. मी कुठला शेरा मारला नव्हता. त्या बाईंना माझ्यामुळे तसूभरही त्रास झाला नाही, मी बघतोय हे त्यांना ठाऊकही नव्हतं. मग चुकलं काय? की काही चुकलंच नाही, आणि मी उगाच खंत करत होतो?

या डावांमध्ये एक सोय असते, तिला प्रीमूव्ह म्हणतात. समोरचा विचार करत असतानाच तुम्ही आपली पुढची खेळी नोंदवून ठेवायची. त्याने खेळी केली रे केली की तुमची आपोआप होते, घड्याळाचा जवळजवळ काहीच वेळ जात नाही. एका मिनिटाच्या डावात त्याशिवाय निभावच लागत नाही. पण धोका असा की तुम्ही धरून चाललेली खेळी समोरच्याने केलीच नाही, आणि तुमची खेळी नियमात बसत असली, तर ती तरीही होते. पाहता पाहता वजीर फुकट जातो. खेळीत मुळात चूक नसते. समोरच्याने काय केलं ते बघण्याआधीच ती ठरलेली असते, इतकंच.

पूर्वग्रह या शब्दाचा अर्थ मला त्या रात्री नव्याने कळला. आपण समजतो की पूर्वग्रह म्हणजे कोणाबद्दल वाईट मत. तसं नाही. पूर्वग्रह म्हणजे आधीच नोंदवलेली चाल. समोर बाई आहे, म्हणजे आता चेहरा बघायचा, हे माझ्या डोळ्यांनी तिने पहिलं प्यादं हलवण्याआधीच ठरवून टाकलं होतं. नंतर तिने घोडा दिला काय आणि हत्ती दिला काय, माझी चाल होऊन गेली होती.

हे फक्त माझं असतं तर लिहायचं कारण नव्हतं. जानेवारी २०२४मध्ये नेदरलँड्समधल्या वाइक आन झे इथली स्पर्धा संपल्यावर दिव्याने इन्स्टाग्रामवर याबद्दलच लिहिलं होतं. तिचं म्हणणं थोडक्यात असं, की आपले काही डाव आपल्याला चांगले वाटले, पण प्रेक्षकांचं लक्ष डावांवर नव्हतंच. ते होतं कपड्यांवर, केसांवर, बोलण्याच्या ढबीवर. ती तेव्हा अठरा वर्षांची होती, आंतरराष्ट्रीय मास्टर होती. तिने कॅमेरा लावून करमणुकीचे डाव दाखवले नव्हते. ती जगातल्या एका जुन्या, मानाच्या स्पर्धेत पटासमोर बसून तासन्‌तास खेळली होती. तरी बघणाऱ्यांची चाल तीच.

यात एक उलटं गणित आहे. आमच्या पडवीत माझे आजोबा आणि त्यांचे मित्र रविवारी दुपारी बुद्धिबळ खेळायचे. आजी चहा घेऊन यायची, कप ठेवायची, क्षणभर थांबायची आणि आत जायची. तिच्याकडे कोणी बघत नसे. मंडळी गेल्यावर भांडी आवरताना ती आजोबांना सांगायची, "तुम्ही उंट मागे घेतलात तिथे फसलात." आणि आजोबा गप्प बसायचे, कारण ते खरं असायचं. तिला कोणी कधी पटावर बसवलं नाही. आपल्या मराठी पटावर तशीही बाई नाहीच. युरोपात ज्या सोंगटीची राणी झाली ती आपल्याकडे वजीरच राहिली. आजीला पट दिसायचा, पण ती कोणाला दिसायची नाही. आजची खेळाडू सगळ्यांना दिसते, पण तिचा पट कोणाला दिसत नाही.

या दोन टोकांच्या मधला रस्ता मराठी मुलींनीच बराचसा बांधला. १९७४मध्ये महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, ती मुंबईच्या वासंती खाडिलकरने जिंकली. तिची बहीण जयश्री पुढे भारतातली पहिली महिला आंतरराष्ट्रीय मास्टर झाली. आणि तिसरी, रोहिणी, १९७६मध्ये तेरा वर्षांची असताना राष्ट्रीय विजेती झाली आणि पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेतही उतरली. त्यावर गदारोळ झाला, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि जागतिक संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष, माजी विश्वविजेते मॅक्स यूवे, यांनी निर्वाळा दिला की राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांमध्ये बाईला अडवता येणार नाही. खुर्चीचा प्रश्न असा सुटला, कारण खुर्चीसाठी नियम करता येतो. नजरेसाठी नियम करता येत नाही. म्हणून तो प्रश्न न्यायालयात जात नाही, तुमच्या-माझ्याकडे येतो.

यावर एक रोखठोक आक्षेप आहे आणि तो मी स्वतःशीच घेऊन पाहिला. कॅमेरा तिनेच लावलाय ना? चेहरा दाखवला नाही तर प्रेक्षक येणार नाहीत आणि पैसेही येणार नाहीत, हे तिला चांगलं माहीत आहे. कॅनडाच्या अलेक्झांड्रा बोटेझचं उदाहरण बघा. ती महिला फिडे मास्टर आहे. खेळताना चुकून वजीर गमावण्याला तिच्या प्रेक्षकांनी 'बोटेझ गॅम्बिट' असं नाव दिलं, आणि तिने ते हसत स्वीकारलं. वजीर जगात सगळेच गमावतात. नाव मात्र तिच्या चुकीला मिळालं. पण त्या नावावर ती रडत बसली नाही, उलट ते तिने आपलंसं केलं. मग तिच्या वतीने दुखावून घेणारे आपण कोण?

आक्षेप खोटा नाही, पण अपुरा आहे. थिबा राजवाड्याच्या आवारात थंडीत संगीत महोत्सव होतो. गायिका ठेवणीतली साडी नेसून येते, तीही आपण बघावी म्हणूनच. ती बघण्यात कसलं आलंय पाप? पण मैफल संपल्यावर कोणी फक्त साडीचंच वर्णन करायला लागला, तर आपण त्याला म्हणतो, "गाणं ऐकायला गेला होतास की पदर बघायला?" गायिकेने साडी नेसली यात त्याचा बचाव नसतो. तिने बघायची मुभा दिली आहे, हे खरंच. पण मुभा मिळाली म्हणजे बघून झालं असं नाही. ती जे दाखवायला बसली होती ते न बघताच तो उठला.

दुसरा आक्षेप जरा शहाणा आहे. एका मिनिटाच्या डावात बघण्यासारखं असतंच काय, हाताची चपळाईच तर असते. पण विचाराला वेळ नसतो तेव्हा हात तेच खेळतो, जे वर्षानुवर्षं त्यात मुरलेलं असतं. चार सेकंद उरलेली असताना राजा नेमका कुठल्या घरात न्यायचा, हे ज्याला न अडखळता जमतं त्याने ते कधीतरी हजार वेळा सावकाश केलेलं असतं. महिला ग्रँडमास्टर या किताबासाठी २३०० रेटिंग गाठावं लागतं, शिवाय नॉर्म मिळवावे लागतात. त्यामागचं बालपण, शिबिरं, रात्रीच्या गाड्यांचे प्रवास, हे सगळं त्या चार सेकंदांत असतं. दाखवायला ती तेच तर बसलेली असते.

मग तिसरी, शास्त्रीय वाट. बघण्यामुळे खेळ बिघडतो का? अ‍ॅन मास आणि सहकाऱ्यांनी २००८मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. सारख्या ताकदीच्या ४२ स्त्री-पुरुष जोड्यांना त्यांनी इंटरनेटवरून खेळवलं. समोर पुरुष आहे हे कळलं की बायकांचा खेळ खालावला, आणि समोर बाई आहे असा समज करून दिला तेव्हा तो बरोबरीचा झाला. हे वाचून मला वाटलं, सापडलं उत्तर. पण टॉम स्टॅफर्ड यांनी २०१८मध्ये प्रत्यक्ष स्पर्धांतल्या डावांचा मोठा साठा तपासला, तेव्हा पुरुषांविरुद्ध बायका अपेक्षेपेक्षा चांगल्या खेळतात असं दिसलं. आता काय करायचं? खेळ बिघडत नसेल तर माझं बघणं निर्दोष ठरतं का? मला तसं वाटत नाही. एखाद्याचं नुकसान झालं नाही म्हणून त्याच्यावर अन्याय झालाच नाही, असं होत नाही. आजीचं तरी काय नुकसान झालं होतं? चहा नीटच व्हायचा.

आयरिस मर्डॉक या तत्त्वज्ञ आणि कादंबरीकार बाईंनी 'द सॉव्हरिन्टी ऑफ गुड' या १९७०च्या पुस्तकात एका सासूचं उदाहरण दिलंय. आपल्याला ते लगेच कळावं. सासूला सून थोडी उथळ, बोलण्याचालण्यात धसमुसळी वाटते. पण बाई सभ्य आहे. वागण्यात ती कधी तसूभर कमी पडत नाही, सुनेला कधी काही कळतही नाही. पुढे सासू स्वतःलाच म्हणते, मी जुन्या वळणाची आहे, कदाचित माझंच मन कोतं असेल, पुन्हा एकदा बघते. आणि ती बघते. हळूहळू तिला धसमुसळेपणाऐवजी मोकळेपणा दिसू लागतो. बाहेरून काहीच बदललेलं नाही. तरीही, मर्डॉक यांचं म्हणणं, तिथे नैतिक असं काही घडलं आहे. बघणं हीच कृती होती.

माझ्या रात्रीच्या प्रश्नाला मला मिळालेलं उत्तर हे. मी काही केलं नाही, ही माझी सबब होती. पण मी अर्धा तास बघत होतो, आणि बघणं म्हणजे काही न करणं नव्हे.

भाचीला मी हे सांगितलं तेव्हा तिने एक जुनं पोस्टकार्ड आणून फोनच्या कोपऱ्यावर, त्या बाईंच्या चेहऱ्यावर धरलं. "आता बघ. आता फक्त पट." दोन डाव मी तसे बघितले आणि खरंच सगळं कळलं. पण तिसऱ्या डावाला मीच ते कार्ड काढायला लावलं. चेहरा झाकून न्याय होत असेल, तर आजीला माजघरात ठेवणारे न्यायीच म्हणायचे. माझी नजर ठिकाणावर राहावी म्हणून तिने पडद्याआड जायचं, हा कुठला हिशोब? ओठ चावणारा तो चेहराही खेळातलाच आहे. फक्त तो कुठल्या खेळीला ओठ चावतोय, हे मला दिसायला हवं.

हे सगळं मी ज्यासाठी लिहायला घेतलं ते आता सांगतो. दिवाळीत ताई मला बाजूला घेऊन म्हणाली, "ती म्हणतेय, मी पण कॅमेरा लावून डाव दाखवणार. तू समजाव तिला. ऐकलं तर तुझंच ऐकेल." आत्तापर्यंत भाची ज्या नावाने ऑनलाइन खेळते त्यावरून ती मुलगी आहे हे कळत नाही. ते नाव तिने बारा वर्षांची असताना स्वतःच निवडलं, आणि का निवडलं हे तिला कोणी विचारलं नाही. मीही नाही.

समजावायचं म्हणजे काय सांगायचं? जपून राहा, अंगभर कपडे घाल, शेरे वाचू नकोस? ताईची काळजी खरी आहे, पंधरा वर्षांच्या मुलीला घरच्यांनी सांभाळायलाच हवं. अठरा वर्षांची होईपर्यंत थांब, असं मी तिला सांगितलं, आणि तिने तोंड वाकडं करून ते मान्य केलं. पण त्या तीन वर्षांत तयारी फक्त तिनेच करायची, हे मला पटेना. बघणाऱ्यांनीही काही शिकायला नको का?

त्यामुळे सध्या आमच्यात एक ठरलंय. रविवारी ती येते, आम्ही त्या बाईंचे पाच डाव बघतो, आणि फोन बंद झाल्यावर पडवीत पट मांडून त्यातला एक मी आठवणीतून लावून दाखवायचा. परवा पहिल्यांदा सव्वीस खेळ्यांपर्यंत जमलं. सत्ताविसाव्या खेळीला मी अडलो, तेव्हा भाचीने उंट उचलून योग्य घरात ठेवला आणि म्हणाली, "इथे फसली ती. प्रीमूव्ह केली होती."