कोणत्या महिन्यातलं पाणी?

निवृत्तीनंतर आमच्या ह्यांनी माडीवर छोटी रेल्वे मांडली. कॅसलरॉकहून कुळेकडे उतरणारी घाटातली लाईन, मधे दूधसागरचा पूल. मागच्या फळीवर धबधबा रंगवायचं काम माझ्यावर आलं. "बी.ए. म्हणजे आर्ट्सच ना!" हे म्हणाले.

मी आधी निळा रंग भरला, त्यावर पांढरा ओघ काढला. लांबून पाहिलं तर कड्यावर धोतर वाळत घातल्यासारखं दिसत होतं. ह्यांनी एवढंच विचारलं, "अगं, हे कोणत्या महिन्यातलं पाणी?"

मला राग आला. पाणी म्हणजे पाणी! पण प्रश्न खरा होता. ३१० मीटरांवरून उतरणारा हा धबधबा श्रावणात कडा झाकून टाकतो. मे महिन्यात त्याचीच बारीक धार उरते. ह्यांनी रुळांकाठी पावसाळी हिरवळ लावलेली, म्हणजे पाणीही श्रावणातलंच हवं. जुने फोटो काढून नीट बघितले, तर निळा कुठेच नाही! पाणी फुटून त्यात हवा मिसळते तिथे पांढरं, कडेला राखाडी, मधून काळा दगड डोकावतो. पायथ्याशी तुषारांत सगळ्या रेषा विरलेल्या. जवळजवळ कोरडा स्पंज हलकेच टेकवत मी ते धुकं आणलं.

चित्रातलं पाणी खरं नाही, हे बघणाऱ्यालाही ठाऊक असतं. त्यात फसवणूक नाही. मग माझा निळा रंग मला का खुपला? तत्त्वार्थसूत्रात हिंसेमागे जो प्रमाद सांगितला आहे, तोच असत्यामागेही धरतात. प्रमाद म्हणजे बेसावधपणा. मी न बघताच रंग भरला होता.

आणि मग अक्का आठवल्या, माझ्या थोरल्या जाऊबाई. सासूबाई गेल्या त्या दिवशी त्यांच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. "कोरडी बाई," मी चारचौघींत म्हणाले. ते त्यांच्या कानावर गेलं आणि आमचं बोलणं तुटलं. त्याआधीचे आठ महिने सासूबाईंचं अंथरूण-पांघरूण, औषधपाणी, रात्रीची जागरणं अक्काच करत होत्या. मी बेळगावातून महिन्याला एकदा जायची. त्यांचा श्रावण मी पाहिलाच नव्हता. मे महिना पाहिला आणि आयुष्यभराचा रंग भरून टाकला.

दशलक्षणात उत्तम सत्याच्या दिवशी आपण प्रवचन ऐकतो, खोटं बोललो नाही म्हणून निर्धास्त घरी येतो. मीही खोटं बोलले नव्हते. डोळे कोरडे होतेच. पण अर्धं पाहून पुरतं सांगणं, हे कशात मोजायचं?

संध्याकाळी अक्कांना फोन केला. "माझं चुकलं," म्हणाले. बराच वेळ त्या गप्प. मग म्हणाल्या, "आत्ता आठवण झाली होय?"

लागलं मला. पण त्यांनी फोन ठेवला नाही.