परतीचा शिक्का



आपल्या धर्मग्रामात पासपोर्ट नसलेले घर शोधावे लागेल. कुणी आखातात नोकरीला आहे, कुणी जहाजावर, कुणाची मुलगी कॅनडात नर्स आहे. व्हिसा मिळाला की लोक आभाराची मिस्सा लावायला कार्यालयात येतात. नाकारला गेला की घरात चार दिवस कुणी धड जेवत नाही. तरीही एक गोष्ट आपण विसरतो. व्हिसा नाकारणारा अधिकारीसुद्धा आपण कोण आहोत याविषयी शंका घेत नाही. आपल्या पासपोर्टवर ‘भारतीय’ असे छापलेले असते आणि तो प्रश्न तिथेच संपतो.

ज्यांचा हा प्रश्न तिथे संपत नाही, अशा माणसांविषयी आज थोडा विचार करू या.

थंडी सुरू झाली की आपल्या शहरांतून स्वेटर विकणारे तिबेटी लोक दिसू लागतात. १९५९ साली दलाई लामा भारतात आले आणि त्यांच्यामागून हजारो तिबेटी आले. आपल्या महाराष्ट्रातही गोंदिया जिल्ह्यात, गोठणगावजवळ, त्यांची नॉर्ग्येलिंग ही वसाहत १९७२ पासून आहे. आता तिथे नातवंडे वाढत आहेत. पण निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने सही केलेली नाही. त्यामुळे यांतील अनेकजण कायद्याच्या दृष्टीने आजही परदेशीच आहेत. त्यांना येथे राहण्यासाठी नोंदणी प्रमाणपत्र लागते आणि मुदत संपली की त्याचे नूतनीकरण करावे लागते. परदेशी जायचे तर भारत सरकार त्यांना पिवळ्या मुखपृष्ठाची एक पुस्तिका देते. तिला ओळख प्रमाणपत्र म्हणतात. ती पासपोर्टसारखी दिसते, पण पासपोर्ट नव्हे.

ही पुस्तिका घेऊन एखादा तरुण व्हिसासाठी जातो, तेव्हा काय होते? अर्जात राष्ट्रीयत्वाचा रकाना असतो. तिथे काय लिहावे, इथूनच अडचण सुरू होते. खिडकीमागच्या माणसाने असा कागद कदाचित पूर्वी कधी पाहिलेला नसतो. व्हिसा मिळालाच, तर विमानतळावर पुन्हा तीच कथा. ज्याची कागदपत्रे चालणार नाहीत असा प्रवासी आणला, तर अनेक देश विमान कंपनीला दंड करतात आणि त्याला परत न्यायलाही लावतात. मग काउंटरवरचा कर्मचारी धोका कशाला पत्करील? ‘नाही’ म्हणणे त्याला सर्वांत सोपे असते.

एरवी यंत्राने वाचल्या जाणाऱ्या पासपोर्टवर प्रत्येक देशासाठी तीन अक्षरे ठरलेली आहेत. भारतासाठी आय-एन-डी. ज्या माणसाला कोणतेच राष्ट्र नाही, त्याच्यासाठीही अक्षरे आहेत : एक्स-एक्स-ए. शाळेच्या गणितात अज्ञात राशीला आपण एक्स म्हणायचो. इथे जिवंत माणूसच एक्स झाला!

या सगळ्या अडचणींच्या मुळाशी एकच प्रश्न आहे. आपल्याला वाटते, वकिलात विचारते, ‘तू कोण?’ खरे तर ती विचारते, ‘तुला परत कोण घेईल?’ पासपोर्ट म्हणजे केवळ बाहेर जाण्याची परवानगी नव्हे. ‘हा आमचा आहे, याला आम्ही परत घेऊ,’ असे एका राष्ट्राने जगाला दिलेले ते वचन आहे. म्हणूनच पिवळ्या पुस्तिकेला नुसत्या फोटोने बळ येत नाही. भारतात परत येण्याची परवानगीही तिच्यात नोंदलेली असावी लागते.

हा धडा जगाला शंभर वर्षांपूर्वीच मिळाला होता. पहिल्या महायुद्धानंतर लाखो निर्वासितांना देश उरला नव्हता. त्यांच्यासाठी १९२२ साली नॉर्वेचे संशोधक फ्रिट्यॉफ नान्सेन यांच्या पुढाकाराने एक प्रवासपत्र निघाले. संगीतकार स्ट्राविन्स्की आणि चित्रकार शागाल यांनीही ते वापरले. पण ज्या देशाने ते दिले त्या देशात परत येण्याचा हक्क त्यात आपोआप मिळत नव्हता. मग ज्याला परत घेण्याची हमी नाही, त्याला आत तरी कोण घेणार? ही उणीव भरून काढण्यासाठी १९२६ साली नवा करार करून परतीच्या व्हिसाची सोय सुचवावी लागली.

आता नैतिक प्रश्न. खिडकीमागचा माणूस दुष्ट आहे का? मला तसे वाटत नाही. देशाला आपल्या सीमांसाठी नियम करण्याचा अधिकार आहे. आपल्या ख्रिस्तसभेचा कॅटेकिझमही हे मान्य करतो. मात्र त्याच परिच्छेदात, २२४१ व्या, तो संपन्न राष्ट्रांना परक्याचे स्वागत करण्याच्या कर्तव्याची आठवण आधी देतो. नियम नसते तर माणसांची चोरटी वाहतूक करणाऱ्यांचे फावले असते आणि दुबळेच आधी भरडले गेले असते.

पण नियम सर्वसाधारण असतो आणि माणूस एकेकटा येतो. अॅरिस्टॉटलने हे ओळखले होते. संत थॉमस अक्वायनस यांनी त्यावर एक साधे उदाहरण दिले आहे. ठेवायला दिलेली वस्तू मालकाने मागताच परत करावी, हा न्याय्य नियम आहे. पण वेडाच्या भरात असलेला माणूस आपली तलवार परत मागू लागला तर? तिथे नियमाचे शब्द पाळणे म्हणजे नियमाचा हेतू मारणे होय. शब्दांपलीकडे जाऊन नियमाचा हेतू पाळण्याच्या या गुणाला जुने तत्त्वज्ञ ‘एपिकेया’ म्हणत. आपण समन्याय म्हणू. संत थॉमस याला न्यायातून काढलेली सूट मानत नाहीत, न्यायाचाच भाग मानतात.

आणि कित्येकदा तर एवढे दूर जाण्याचीही गरज नसते, नियम शेवटपर्यंत वाचला तरी पुरते. १९८६ साली भारतात जन्मलेल्या एका तिबेटी मुलीने भारतीय पासपोर्ट मागितला. तिला तो नाकारण्यात आला. २०१० साली दिल्ली उच्च न्यायालयाने नागरिकत्वाचा कायदा पुन्हा वाचून दाखवला : २६ जानेवारी १९५० पासून १ जुलै १९८७ पूर्वीपर्यंत भारतात जन्मलेली व्यक्ती जन्मानेच भारताची नागरिक आहे. कायदा तिच्या बाजूने आधीपासूनच होता. अधिकाऱ्यांनी मात्र तिच्या आईवडिलांकडे पाहून तिला परकी ठरवले होते.

हे लिहिताना मला आपल्याच कार्यालयाची खिडकी आठवते. गेल्या पावसाळ्यात बांधकामावर काम करणारे एक जोडपे बाळाच्या बाप्तिस्म्यासाठी आले होते. ते झारखंडचे होते. त्यांच्याकडे गावच्या फादरांचे पत्र नव्हते आणि विवाहाचा दाखला गावीच राहिला होता. मी म्हणालो, “पत्र घेऊन या, मग बघू.” ती आई “हो फादर” म्हणाली, बाळाला पदराखाली घेतले आणि दोघे पावसातून निघून गेले. ती पुन्हा आली नाहीत. नंतर मी त्यांच्या कामाच्या जागी गेलो, तेव्हा इमारत पूर्ण झाली होती आणि मजूर दुसरीकडे गेले होते. बाप्तिस्म्यासाठी ख्रिस्तसभेचा कायदा पालकांची संमती मागतो आणि मूल श्रद्धेत वाढेल अशी रास्त आशा मागतो. पत्र ही आपली सोय आहे, चांगली सोय आहे, पण तो कायदा नव्हे. एक फोन मला करता आला असता. मी कायदा शेवटपर्यंत वाचला नाही.

प्रेषितांच्या कृत्यांत एक प्रसंग आहे. संत पौलाला फटके मारण्यासाठी बांधले जाते. तो रोमन नागरिक असल्याचे सांगतो आणि सरदार घाबरून थांबतो. पौल वाचला, याचा आपल्याला आनंद होतो. पण त्याच यरुशलेमात, त्याच साम्राज्याच्या शिपायांनी काही वर्षांपूर्वी आणखी एकाला फटके मारले होते. त्याच्याकडे ते नागरिकत्व नव्हते. पाठ मात्र दोघांचीही सारखीच दुखते. कागद माणसाची साक्ष देतो, पण त्याचे मोल ठरवीत नाही. ते मोल देवाने त्याला आपल्या प्रतिरूपात घडवले तेव्हाच ठरले, मग तो बौद्ध तिबेटी असो की आपल्या वाडीतला कुणी.

उधळ्या पुत्राच्या दाखल्यातील बाप आठवा. मुलगा अजून दूर आहे, अंगावर चिंध्या आहेत, हातात काहीच नाही. बाप त्याच्याकडे काहीही मागत नाही. तो धावत जातो. परतीचा शिक्का त्या मुलाच्या हातात नव्हता, बापाच्या हृदयात होता. बाप्तिस्मा हा आत्म्यावरचा कधीही न पुसणारा शिक्का आहे, असे आपण मुलांना शिकवतो. तोच शिक्का एका बाळाला देताना मी कागदाच्या शिक्क्यासाठी अडून बसलो.

म्हणून या रविवारपासून आपल्या कार्यालयात एक गोष्ट बदलत आहे. कागद अपुरे आहेत म्हणून कुणालाही दारातून परत पाठवले जाणार नाही. त्यांना बसवले जाईल, विचारपूस होईल आणि त्यांच्या गावच्या धर्मगुरूंना फोन मी करीन. आपणही कुठल्या ना कुठल्या खिडकीमागे असता : सोसायटीचे सेक्रेटरी म्हणून, बँकेत, शाळेत, घर भाड्याने देताना. यादीत न बसणारा माणूस समोर आला, तर ‘नाही’ म्हणण्यापूर्वी क्षणभर थांबा. नियम काय म्हणतो आणि तो कशासाठी आहे, एवढे पाहा.

आणि ते झारखंडचे जोडपे कुणाला भेटले, तर कृपया त्यांना सांगा की फादरांनी बोलावले आहे. पत्राची गरज नाही.

आपला,
प्रमुख धर्मगुरू