मातीची लिंगं आणि बंद खोका

आजचा श्लोक गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला, चाळिसावा. भगवंत सांगतात, या वाटेवर केलेली सुरुवात वाया जात नाही.

वेरूळच्या एका तरुण भक्ताने मला विचारलं, "दादा, मॉडेल रेल्वेचा सेट घेऊन दोन वर्षं झाली, खोका उघडलाच नाही. चुकलं तर? घरचे हसले तर?"

अरे, तू घृष्णेश्वराच्या गावचा! शिवपुराणातली घुश्मा रोज मातीची १०१ शिवलिंगं घडवायची, पुजायची आणि तळ्यात सोडायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. पोटचा मुलगा मारला गेला, त्या दिवशीही तिने पूजा मोडली नाही.

आणि कैलास लेणं? कळसाकडून खाली कोरत आणलेलं. तिथे उडवलेला कातळ परत बसवता येत नाही. तुझे रूळ तर उचलता येतात! प्लायवूडच्या फळीवर एकच साधा फेरा मांड, खिळे अर्धेच ठोक. गाडी घसरली की तिथला सांधा बोटाने चाचपून बघ. डोंगर-बोगदे नंतर. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, १९९८ पासून. जमलं तर तेही बघून ये, पण फळी आणल्यावर.

उद्या सोमवार. दर्शन घेऊन घरी आलास की खोका उघड, आणि पहिला रूळ कुठे ठेवलास ते मला कळव.

हर हर महादेव!