दोन पहारे

साताऱ्याजवळ अपशिंगे नावाचं गाव आहे. लोक त्याला अपशिंगे मिलिटरी म्हणतात, कारण तिथल्या घराघरांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसं फौजेत गेली. आपल्या गोष्टीतला जवान त्या गावचा नव्हे, पण त्याच जिल्ह्यातल्या, त्याच वळणाच्या एका गावचा. बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात तो घडला, पुढे नाईक झाला, आणि नोकरीच्या पंधराव्या वर्षी त्याच्या मनात धंद्याने घर केलं.

त्यात वाईट काहीच नव्हतं. जवान चाळिशीच्या आसपास पेन्शनीत घरी येतो. तेव्हा मुलांची शिक्षणं अर्धी झालेली असतात, आईवडील थकलेले असतात आणि अंगात मात्र अजून वीस वर्षं राबायची धमक असते. 2022 पासून भरती होणाऱ्या अग्निवीरांपुढे तर हा प्रश्न चारच वर्षांनी उभा राहतो. 2022 च्या नियमाप्रमाणे त्यांतल्या फार तर पाव हिस्सा पोरांनाच पुढे फौजेत ठेवायचं. ‘नंतर काय?’ हे ज्याला आधी सुचतं, तो शहाणाच म्हणायचा.

नाईकाने लाकडी घाणा घालायचं ठरवलं. गावच्या माळावर भुईमूग चांगला येतो आणि शहरातली माणसं घाण्याचं तेल पुन्हा शोधू लागली आहेत, हे त्याने सुट्टीत पाहिलं होतं. साठवलेले पैसे घातले, थोडं कर्ज काढलं, रस्त्याकडेला पत्र्याची शेड उभी केली आणि मोटारीवर फिरणारा घाणा बसवला. नोकरीत असताना जवानाला व्यापारधंदा करता येत नाही, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून घाणा धाकट्या भावाच्या नावावर केला. पण नाव तेवढंच भावाचं. शेंग कुणाकडून घ्यायची, कितीला घ्यायची, तेल काय भावाने द्यायचं, हे सगळं नाईक काश्मीरच्या डोंगरातून सांगायचा. घाण्यावर दिवसभर उभी राहायची ती त्याची बायको. तिला कुणी काही विचारत नव्हतं.

कंपनी खाली दरीत होती आणि पोस्ट वर, दीड तासाच्या चढावर. वर चढण्याआधी नाईक फोन घेऊन बसायचा. आज पोती किती आली? उधारी कुणाची राहिली? पेंड कुणी नेली? पहाऱ्यावर मोबाइल न्यायचा नसतो, आणि त्याने तो कधी नेलाही नाही. पण डोक्यातला हिशेब खाली ठेवून जायची सोय नसते. शंभर किलो दाण्यांचं साधारण चाळीस किलो तेल पडतं, बाकीची पेंड. बाजार उतरला की हे गणित बिघडतं. मग पहाऱ्यावर उभा राहून तो ते पुन्हा मांडायचा. पुन्हा आणि पुन्हा.

अशाच एका रात्री त्याचा पहारा होता. थंडी मरणाची, वारा मात्र पडलेला; अशा रात्री पाचोळा हलला तरी ऐकू येतो. सुभेदार साहेब तीन जवान घेऊन गस्तीवरून परतत होते. ते चढ चढून आले, दगडी बांधाला वळसा घालून आले, थेट नाईकाच्या खांद्यामागे येऊन उभे राहिले. “थम! कौन आता है?” हे शब्द त्याच्या तोंडून निघालेच नाहीत. तो झोपला नव्हता. डोळे टक्क उघडे होते. साहेबांनी खांद्यावर हात ठेवला तेव्हा तो इतका दचकला, की त्यालाच स्वतःची भीती वाटली.

साहेब त्या वेळी काही बोलले नाहीत. सकाळी लंगराबाहेर चहाचा मग हातात घेऊन त्यांनी विचारलं, “काल रात्री शेंगदाण्याचा भाव काय होता?”

नाईकाने मान खाली घातली.

“आम्ही चौघं आपली माणसं होतो, म्हणून तू आज चहा पितोयस,” साहेब म्हणाले. “आत तुझे सात जण झोपले होते. ते तुझ्या भरवशावर झोपले होते, घाण्याच्या नव्हे.” मग आवाज उतरवून म्हणाले, “अरे बाबा, धंदा कर. मीही पेन्शनीत गेल्यावर काहीतरी करणारच आहे. पण एका माणसाला पहारा एकच देता येतो. दोन घेतले, की दोन्हीकडची दारं उघडी राहतात.”

नाईक स्वतः कंपनी कमांडरांपुढे उभा राहिला आणि पहाऱ्यातली चूक सांगितली, घाण्याचंही सगळं सांगितलं, भावाच्या नावाआड आपण काय करत होतो तेही. शिक्षा झाली. ती त्याने भोगली. सगळ्यात जड गेलं ते वेगळंच. त्या सात जणांनी त्याला एका शब्दानेही टोचलं नाही.

पुढच्या सुट्टीत तो घरी आला आणि शेडमध्ये पाऊल टाकताच थबकला. तेलाला कुबट वास येत होता. तीन पिंपं गढूळ झाली होती.

“हे काय केलंस?” तो भावावर ओरडला.

“दादा, तूच म्हणालास ना, पावसात सापडलेली शेंग स्वस्त मिळतेय तर उचल. मी उचलली.”

खरंच तो म्हणाला होता. फोनवर भाव कळतो, दाण्यातला ओलावा कळत नाही. ओला दाणा घाण्यात घातला की तेल कमी पडतं आणि पडेल ते टिकत नाही. दाण्याला बुरशी लागली असेल तर ती विषारी असू शकते; तसला दाणा माणसाला नको आणि त्याची पेंड जनावरालाही नको. हे कळायला माणूस पोत्याशेजारी हवा, मूठ आत घालणारा, दाणा दाताखाली फोडून बघणारा, नाकाशी नेणारा. सीमेवरची वाट त्याने उघडी सोडली होती ती घाण्याच्या नादात, आणि घाणाही त्याच्या हाती राहिला नव्हता. साहेबांचे शब्द त्याला इथे, पत्र्याच्या शेडमध्ये, दुसऱ्यांदा ऐकू आले.

बायको कोपऱ्यात डबे धूत होती. ती उठली आणि एक वही त्याच्यापुढे ठेवली. ज्यांनी ते तेल नेलं होतं त्या अकरा घरांची नावं त्यात होती. नावापुढे परत केलेले पैसे लिहिले होते.

“हे कुठून दिलेस?”

“कोंबड्या विकल्या,” ती म्हणाली. “अहो, मी रोज इथं असते. ती पोती उतरली तेव्हाच मला वास आला होता. पण भाव तुम्ही ठरवता, पोती भाऊजी आणतात. मला कुणी विचारलं?”

त्या रात्री तिघं उशिरापर्यंत बोलत बसले. भावाला मुळात शेतीच करायची होती. त्याला सुटल्यासारखं झालं. घाणा बायकोच्या नावावर झाला आणि या वेळी नुसता कागदावर नाही. बँकेचं खातं तिचं, खरेदी तिची, नफा-तोटा तिचा. पलटणीत परतल्यावर नाईकाने हे लेखी कळवलं. माझ्या मते या गोष्टीतला सगळ्यात धीराचा क्षण हाच. डोंगर चढायला छाती लागते, तशीच जे आपण उभं केलं ते दुसऱ्याच्या हाती खरोखर सोपवायलाही लागते.

त्यानंतर नऊ वर्षं तो घरी फोन करायचा तो मुलांचा अभ्यास आणि आईचा गुडघा विचारायला. भाव कधी विचारला नाही. वर्षाची साठ दिवसांची मोठी सुट्टी आणि तीस दिवसांची किरकोळ, जेवढी मिळेल तेवढी तो गावी काढायचा, सांगितलं तर पोती उचलायचा, नाही तर पोरांना घेऊन रानात जायचा. पहाऱ्यावर मात्र तो पूर्वीसारखा नव्हता, पूर्वीपेक्षा चांगला होता. एव्हाना तो हवालदार झाला होता. नवी पोरं म्हणायची, हवालदार साहेब उभे असले की शांत झोप लागते. त्याला ही शाबासकी मेडलपेक्षा मोठी वाटायची.

नोकरीच्या शेवटच्या वर्षी त्याने पुनर्वसन महासंचालनालयाचा उद्योगाचा अभ्यासक्रम केला. पेन्शनीत जाणाऱ्या जवानांसाठी असे वर्ग असतात. हिशेब कसे ठेवावेत, कर्ज कसं मागावं, माल कसा विकावा हे तिथे शिकवतात. नोकरीत असताना उघड मानेने करावी अशी धंद्याची तयारी असते, हे त्याला तिथे पुरतं उमगलं. चोवीस वर्षं पुरी करून तो प्रमाणपत्र घेऊन गावी आला. गावाने वेशीपासून मिरवत आणलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो शेडमध्ये गेला. आता तिथे दोन घाणे होते. लाट संथ फिरत होती, तेलाची धार पडत होती, मागच्या बाजूला चार दिवस निवळायला ठेवलेली पिंपं ओळीने उभी होती. दोन बायका कामाला होत्या. त्या त्याच्या बायकोला ‘ताई’ म्हणत होत्या आणि काहीही लागलं तरी तिच्याकडेच बघत होत्या.

तो जरा घुटमळला. म्हणाला, “माझी ड्यूटी कुठं?”

तिने ताडपत्रीवर पसरलेल्या दाण्यांकडे बोट दाखवलं. “तिथं. काळा, सुरकुतलेला, बुरशीचा दाणा बाजूला काढायचा. तीन महिने हेच करा, हाताला कळू दे. मग खरेदीला बरोबर नेईन.”

प्रमाणपत्र खिशातच राहिलं. हवालदार मांडी घालून बसला आणि दाणे निवडू लागला. बाहेर एक टेम्पो थांबला, पोती उतरू लागली. बायको वजनकाट्याकडे जाता जाता वळली आणि हसून म्हणाली, “आजचा भाव नाही विचारत?”

“आधी दाणा बघू दे,” तो म्हणाला. उठून त्याने पहिल्या पोत्याचं तोंड सोडलं, कोपरापर्यंत हात आत घातला, आणि तळाची मूठ काढून नाकाशी नेली.