पुलावरचे पाणी आणि एकटा मोटारसायकलस्वार



पावसाळ्यात आपल्या वाशीम जिल्ह्यातून मोटारसायकलवर एकट्याने फिरणारे पुष्कळ आहेत. शिक्षक, दूधवाले, आरोग्यसेवक, बाजार करून परतणारे शेतकरी. समृद्धी महामार्ग मालेगाव, शेलूबाजार, कारंजा या भागातून जातो खरा, पण त्यावर दुचाकीला प्रवेश नाही. दुचाकीस्वाराची वाट गावागावांतूनच जाते. पैनगंगा, अडाण, अरुणावती आणि त्यांना मिळणारे नाले त्याला ओलांडावे लागतात. काळ्या मातीचा गारा चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये असा घट्ट बसतो की चाकच फिरेनासे होते. तो काडीने उकरून पुढे जाता येते. खरा प्रश्न पुढे फरशी पुलापाशी उभा राहतो.

पुलाच्या नळ्यांत पऱ्हाटी, तुराट्या, काटक्या अडकल्या आहेत आणि गढूळ पाणी वरून वाहत आहे. पलीकडे गाव दिसते आहे. जावे की थांबावे? काठावरचा कुणी म्हणतो, “घाबरता काय, आताच एक गाडी गेली!” आणि मनात विचार येतो, ‘जीव माझा आहे, धोका मी पत्करतो. त्यात दुसऱ्याचे काय जाते?’

या विचाराची थोडी तपासणी करू या.

आधी पाण्याविषयी. वेगाने वाहणारे अर्धा फूट पाणीसुद्धा धडधाकट माणसाचे पाय उखडू शकते. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. पुलाची कड दिसत नाही, खालची फरशी शाबूत आहे की वाहून गेली तेही दिसत नाही. मध्येच इंजिन बंद पडले तर दोन चाकांची गाडी सावरायची कशी? २८ सप्टेंबर २०२१ रोजी शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात, उमरखेड तालुक्यातील दहागावच्या नाल्यावर, पुलावरून वाहणाऱ्या पाण्यात एस.टी.ची बस वाहून गेली व माणसे प्राणास मुकली. जिथे बस टिकत नाही, तिथे मोटारसायकलची काय कथा!

आता धैर्याविषयी. अॅरिस्टॉटल या ग्रीक तत्त्वज्ञाने धैर्याला दोन दोषांच्या मध्ये ठेवले. एका बाजूला भित्रेपणा, दुसऱ्या बाजूला अविचारी धाडस. भीती न वाटणे म्हणजे धैर्य नव्हे. ज्याची भीती बाळगायला हवी त्याची ती योग्य प्रमाणात बाळगणे हेही धैर्यातच येते. ख्रिस्ती परंपरेने विवेकाला सर्व सद्गुणांचा सारथी म्हटले आहे. सारथी नसलेला रथ कितीही जोरात धावला तरी त्याला कुणी शूर म्हणत नाही.

कुणी म्हणेल, “देव सांभाळील.” ही श्रद्धा आहे का? सैतानाने येशूला मंदिराच्या टोकावर नेले आणि देवदूत झेलतील असे सांगून उडी घ्यायला सुचवले. येशूने उडी घेतली नाही. देवावर भरवसा ठेवणे वेगळे आणि देवाची परीक्षा पाहणे वेगळे. देवाने दिलेली बुद्धी बाजूला ठेवून पाण्यात गाडी घालणे हे दुसऱ्या प्रकारात मोडते.

आणि एकटा प्रवास करणारा माणूस खरोखर एकटा असतो काय? तो वाहू लागला की काठावरचा एखादा पोहणारा तरुण कमरेला दोर बांधून पाण्यात उतरतो. त्या तरुणाचीही आई घरी असते. ‘जीव माझा आहे’ म्हणणाऱ्याने त्या तरुणाला विचारलेले नसते.

मग अत्यंत निकडीचे काम असेल तर? घरी कुणी अत्यवस्थ असेल तर? निकड मोठी असली की धोका पत्करण्याला अधिक कारण मिळते, हे मान्य. पण पाणी कारण विचारत नाही. मरणासन्न माणसाने आम्हा धर्मगुरूंना बोलावले तरी पाणी आमच्यासाठी ओसरत नाही. जो वाटेतच गेला, त्याच्या हातून रुग्णाची सेवा घडत नाही. दहा-पंधरा किलोमीटरचा वळसा घालून मोठ्या पुलावरून जाणे किंवा पाणी ओसरेपर्यंत कुणाच्या ओसरीवर बसणे, हीच अशा वेळी सेवेची वाट असते.

परंतु सगळा भार त्या मोटारसायकलस्वारावर टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही. तो पाण्यात गाडी का घालतो? पुष्कळदा पलीकडे कुणीतरी घड्याळ पाहत असते म्हणून. उशीर झाला की साहेब बोलतात, मालक मजुरी कापतो, घरचे रागावतात. “कुठपर्यंत आलास? अजून किती वेळ?” असे फोन त्याला पुढे ढकलत असतात. “जाते गाडी” म्हणणारा काठावरचा माणूसही त्यात भागीदार असतो.

तेव्हा बंधुभगिनींनो, पाऊस कोसळत असताना आपले माणूस वाटेत असेल, तर त्याला एवढेच सांगावे, “पुलावर पाणी असेल तर थांब. रात्र झाली तरी चालेल, उद्या ये.” आणि आपल्या गावाच्या काठाशी कुणी अनोळखी भिजत उभा दिसला, तर त्याला घरात बोलावून चहा द्यावा. त्याच्याही घरी कुणी वाट पाहत आहे.