रोमकरांस पत्राचा दुसरा अध्याय

मदुराईहून घर सोडून चेन्नईला आलेल्या दोन समलिंगी तरुणींनी मद्रास उच्च न्यायालयाकडे संरक्षण मागितले, तेव्हा न्यायमूर्ती एन. आनंद वेंकटेश यांनी निकालाआधी एक सहसा न घडणारी गोष्ट केली. या विषयात आपलेही पूर्वग्रह आहेत असे खुलेपणाने मान्य करून ते एका मानसशास्त्रज्ञाकडे तो समजून घ्यायला बसले. ७ जून २०२१ च्या आदेशात त्यांनी समलिंगी व्यक्तींना ‘बरे’ करण्याच्या वैद्यकीय उद्योगांना बंदी घातली आणि पुढच्या वर्षी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असे उपचार हे डॉक्टरचे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने तर ६ सप्टेंबर २०१८ लाच प्रौढांचे संमतीचे संबंध कलम ३७७ च्या कक्षेबाहेर काढले होते. म्हणजे चेन्नईच्या टी. नगरातल्या एखाद्या ख्रिस्ती घरात आज मुलाने आपण समलिंगी असल्याचे सांगितले, तर हा गुन्हा नव्हे असे वकील सांगेल, आजार नव्हे असे डॉक्टर सांगेल. पाळक काय सांगेल, हा प्रश्न मात्र उरतोच: हे पाप आहे का, आणि असेल तर या मुलाच्या तारणाचे काय? हे दोन प्रश्न एकाच दमात विचारले जातात, तिथेच घोळ होतो. पहिल्याला ठामपणे ‘होय’ म्हणणाऱ्या माणसालाही बायबलच्या आधारे दुसऱ्या प्रश्नावर दार लावून घेता येत नाही, असे माझे म्हणणे आहे.

पाप आणि गुन्हा यांची गाठ कुणी मारली, ते आधी पाहू. इंग्लंडमध्ये हा विषय चर्चच्या न्यायालयांकडे असे. आठव्या हेन्रीच्या राज्यात १५३३ साली कायदा झाला आणि पापाचे रूपांतर फाशीच्या गुन्ह्यात झाले. तोच धागा १८६० च्या भारतीय दंडसंहितेत ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ संभोगाच्या याच कलम ३७७ मधून आपल्याकडे आला. तेव्हा समलैंगिकता पाश्चात्त्यांकडून आली म्हणणाऱ्यांनी निदान तिची शिक्षा कुठून आली तेवढे पाहावे. ते कलम टिकावे म्हणून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्यांत अपॉस्टॉलिक चर्चेस अलायन्स आणि उत्कल ख्रिश्चन कौन्सिल या ख्रिस्ती संस्थाही होत्या. डिसेंबर २०१३ मध्ये न्यायालयाने कलम कायम ठेवल्यावर मुंबईचे कार्डिनल ऑस्वल्ड ग्रेशियस यांनी मात्र कॅथलिक चर्च समलिंगी व्यक्तींना गुन्हेगार मानत नाही असे स्पष्ट केले. समलिंगी विवाहाला त्यांचा विरोध होता आणि तो त्यांनी लपवला नाही. जानेवारी २०२३ मध्ये पोप फ्रान्सिस यांनीही पाप आणि गुन्हा यांत भेद करायला सांगितले. या दोघांनी शिकवण बदलली नाही. फक्त पोलिसाला देवळाबाहेर ठेवले.

आता मूळ ग्रंथाकडे. समलिंगी संबंधांवर पौलाचे सर्वांत सविस्तर लिखाण रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायाच्या शेवटी आहे आणि प्रवचने बहुधा तिथेच संपतात. पण अध्यायांचे आकडे पौलाने घातलेले नाहीत. ते तेराव्या शतकात पडले आणि इथे ते नेमके युक्तिवादाच्या मधोमध पडले. पौल मूर्तिपूजक जगाचे चित्र रंगवतो. स्त्रियांच्या आणि पुरुषांच्या वासना, मग लोभ, हेवा, खून, चहाडखोरी, बढाई, आईबापांची अवज्ञा. ऐकणारा धार्मिक माणूस मान डोलावत असणार. तेवढ्यात पौल वळतो आणि त्यालाच धरतो: दुसऱ्याला दोषी ठरवणाऱ्या माणसा, तुला सबब नाही, कारण तूही तेच करतोस. तिसऱ्या अध्यायात तो निष्कर्षाला येतो की सगळ्यांनी पाप केले आहे आणि नीतिमान ठरणे हे फुकट, कृपेने होते. पहिला अध्याय हा दुसऱ्यासाठी लावलेला सापळा आहे. पौलाला फक्त गुलामांचे आणि किशोरांचे शोषणच ठाऊक होते, म्हणून आजच्या नात्यांना तो लागू नाही, असे काही अभ्यासक म्हणतात. तो युक्तिवाद मला अर्धाच पटतो. पण इथे त्याची गरजही नाही. पौलाचे शब्द अगदी सरळ घेतले तरी त्या यादीतली एक ओळ उचलून तिच्यापुरते वेगळे दार बांधायला तो परवानगी देत नाही. मराठी वाचकाला हे पंडिता रमाबाईंकडून समजून घेता येईल. १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रमाबाईंनी पुढे आपल्या साक्षीत लिहिले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळायला आणखी काही वर्षे जावी लागली. आपण आधी लायक व्हायचे आणि मग स्वीकार होणार, हा हिशेब त्यांनी सोडला तेव्हा त्यांना तारण कळले.

यावर पहिला आक्षेप तयार असतो: करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात अशांना देवाच्या राज्याचा वारसा मिळणार नाही असे स्वच्छ म्हटले आहे. म्हटले आहे खरे. पण त्याच यादीत लोभी, मद्यपी आणि निंदा करणारेही आहेत. टी. नगरात, जिथे सोन्याची आणि रेशमाची दुकाने एकमेकांना खेटून उभी आहेत, लोभाचा विषय अवघड जाऊ नये. दक्षिणेतल्या ख्रिस्ती लग्नांतही हुंडा चालतो. मुलीच्या अंगावर किती पवन सोने घालणार याची बोलणी करून आलेला वरपिता पुढच्या रविवारी प्रभुभोजनाला बसतो आणि कुणी त्याला उठवत नाही. त्याला उठवावे असे मी म्हणत नाही. पण एकाच वाक्यातल्या दोन शब्दांपैकी एक शब्द दारावर पहारा करतो आणि दुसरा नुसता छापलेला राहतो, तेव्हा तो निवाडा पौलाचा राहत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. लोभी माणूस पश्चात्ताप करू शकतो; इथे पश्चात्तापच नाकारला जातो, असे म्हणतात. पण पश्चात्ताप कशाचा? कॅथलिक चर्चची प्रश्नोत्तरी प्रवृत्ती आणि कृती यांत भेद करते आणि अशा व्यक्तींचा आदराने स्वीकार करा, त्यांनी मात्र संयमात राहावे, असे सांगते. प्रवृत्तीच बदलून देऊ म्हणणारी एक्सोडस इंटरनॅशनल ही अमेरिकी संस्था जून २०१३ मध्ये माफी मागून बंद झाली. म्हणजे व्यवहारात मागणी उरते ती आजन्म ब्रह्मचर्याची. प्रोटेस्टंट मंडळ्यांची, आणि चेन्नईत त्या कमी नाहीत, खरी अडचण इथे आहे. ब्रह्मचर्य हे काहींना मिळालेले दान आहे, ज्याला ते नाही त्याने लग्न करावे, असे पौल करिंथकरांनाच सांगतो. त्याच आधारावर ल्यूथरने धर्मगुरूंवर लादलेले ब्रह्मचर्य अमान्य केले आणि १५२५ साली स्वतः लग्न केले. जे धर्मगुरूवर लादता येत नाही, ते सतरा वर्षांच्या मुलावर, त्याला न विचारता, जन्मभरासाठी लादायचे तर ल्यूथरपेक्षा भक्कम कारण हवे. पौलाच्या डोळ्यापुढे लग्न होते ते स्त्री-पुरुषाचेच, हे कारण दिले जाते आणि ते खोटे नाही. पण त्यावरून त्या मुलाला ब्रह्मचर्याचे दान मिळाल्याचे सिद्ध होत नाही.

मग काहीही चालेल का? नाही. लोभाने दुसऱ्याचे हिरावले जाते, व्यभिचाराने दिलेला शब्द मोडतो. दोघांनी एकमेकांना दिलेल्या निष्ठेत कुणाचे काय हिरावले, हे आक्षेप घेणाऱ्याने दाखवायला हवे. सदोमाचा दाखला दिला जातो, पण यहेज्केल संदेष्टा सदोमाचे पाप म्हणून गर्व, अन्नाची सुबत्ता आणि गरिबाला मदत न करणे हेच आधी मोजतो. आणि चुकीची माणसे भोजनाच्या मेजाजवळ येतात ही तक्रार मद्रासला नवी नाही. १८३३ साली बिशप डॅनियल विल्सन यांनी मंडळीतला जातिभेद बंद करण्याचा आदेश काढला, तेव्हा मद्रासच्या वेपेरी भागात उच्च जातींचे अनेक ख्रिस्ती चर्च सोडून गेले. त्यांनाही आपला आक्षेप शुद्धतेचाच वाटत होता. जात आणि लैंगिकता एक नव्हेत, बायबल जातीला आज्ञेचा आधार देत नाही, हे मान्य. म्हणूनच शेवटी प्रेषितांच्या कृत्यांकडे जायला हवे. सुंता न झालेल्यांना घ्यायचे की नाही यावर यरुशलेमेत सभा झाली. तिने त्यांना पाळायला सांगितलेल्या मोजक्या गोष्टींत जारकर्म टाळणेही होते, हे विरोधकाने दाखवले तर ते बरोबरच आहे. कशाला जारकर्म म्हणायचे हा वाद त्याने मांडावा, मंडळीत बसून मांडावा. पण क्रम पाहा. सुंता न झालेल्या कर्नेल्याच्या घरी पेत्राने बाप्तिस्मा देववला तो दहाव्या अध्यायात. नियमांची सभा भरली पंधराव्यात.