शिवायचं कुणी?

साथ आली की एकच सवाल उरतो : आजाऱ्याला शिवायचं कुणी?

१८९७ साली पुण्यात प्लेग होता. पिसवा तो पसरवतात हे १८९८ मध्ये कळलं. म्हणजे त्या घडीला मरण कुठनं येतं तेही ठाऊक नव्हतं. तरी सावित्रीबाईंनी डॉक्टर मुलाला, यशवंताला, पुण्याबाहेर दवाखाना घालायला लावला. मुंढव्याच्या महारवाड्यातलं प्लेगचं पोर पाठीवर घालून आणलं. १० मार्चला त्याच रोगानं त्या गेल्या.

ही गोष्ट आम्ही जयंतीला सांगतो. पण तिचा दुसरा, घातकी उपयोगही होतो. सेवा म्हणजे त्याग, मग हातमोजे-मास्क कशाला मागतेस, असं नर्सला ऐकवता येतं.

२२ मार्च २०२० ला संध्याकाळी पाच वाजता देशभर थाळ्या वाजल्या. एप्रिलच्या सुरुवातीला मुंबईतल्या एका खासगी इस्पितळात २६ नर्सेस आणि ३ डॉक्टर कोरोनाबाधित निघाले. कित्येक शहरांत घरमालकांनी नर्सेसना खोली सोडायला सांगितलं. थाळी वाजवणारे हात नि दार लावणारे हात कधी कधी एकच होते.

आम्हांला यात नवल नाय. मेलेलं ढोर ओढायला महार पायजे, ओढून झालं की तो वेशीबाहेर पायजे. काम गरजेचं, माणूस विटाळाचा. नर्सला 'देवी' म्हटलं म्हणून हा हिशेब बदलत नाही. देवीला पगार, रजा, विमा लागत नाही, एवढीच मालकाची सोय होते. आणि वॉर्डात लादी पुसणाऱ्या, मयत गुंडाळणाऱ्या मावशी-मामांना तर कुणी देवही म्हणालं नाही.

१८९७ च्या साथरोग कायद्यात अधिकाऱ्याला खटल्यापासून संरक्षण होतं. सेवा करणाऱ्यावर हात टाकणाऱ्याला वेगळी शिक्षा त्यात आली ती २०२० मध्ये. मधे १२३ वर्षं गेली.

आमच्या देवळाली कॅम्पात तोफखान्याची शाळा आहे. शिपायाला रिकाम्या हाती सरहद्दीवर धाडा, असं इथं कुणी म्हणणार नाय. मग नर्सला रिकाम्या हाती वॉर्डात धाडणं हा धर्म कसा होतो?

कुणी म्हणेल, सगळेच आधी चिलखत मागत बसले तर मुंढव्याचं पोर उचललं कुणी असतं? सवाल खरा आहे. माझं उत्तर असं : बाईंना कुणी हुकूम दिला नव्हता. स्वतःचा जीव स्वतःच्या मर्जीनं पणाला लावणं हा त्याग. दुसऱ्याचा जीव पणाला लावून त्याला त्याग म्हणणं ही वेठबिगारी. वेठबिगारी म्हणजे काय, ते आमच्या आज्याला विचारा.

म्हणून दोस्तहो, सावित्रीबाईंचं नाव घ्यायचं तर नर्सकडून त्याग मागण्यासाठी घेऊ नका. तिला मास्क, पुरेसा पगार नि राहायला खोली मिळावी म्हणून भांडताना घ्या.